मैदानातला लार्ज हॉल

दादाची व्हायोलिनं पहिल्यांदा कॉम्प्युटरमधून वाजली तेव्हा स्वयंपाकघरातून आई ओरडली, "आत डास झालेत काय रे?"

दादाचं तोंड उतरलं. ती व्हायोलिनं त्यानं फार खटपटीनं मिळवली होती. परदेशातल्या वादकांनी एकेक सूर सुटा वाजवून ठेवलेला, त्या सुरांच्या सीड्या. आपण कीबोर्डवर बोट ठेवायचं, की आतला वादक तो सूर वाजवणार. व्हायोलिन, चेलो, तुताऱ्या, बासऱ्या, असा अख्खा वाद्यवृंद कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या मागच्या खोलीत, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना ठोकलेल्या गाद्यागोधड्यांच्या मध्ये मावणार होता. पण हे सूर मुद्दाम मुक्या खोलीत घेतलेले होते. त्यांच्याभोवती भिंत नव्हती, वर छत नव्हतं. म्हणून ते कानाशी नुसते गुणगुणायचे.

दादा ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा आणि चाली लावायचा. मी बी.एस्सी. झाल्यावर पुण्यातल्या एका स्टुडिओत मिक्सिंग शिकून परत आले होते. वाजवणं त्याचं, आवाजांची मांडामांड माझी, अशी आमची वाटणी. त्यामुळं त्या डासांची माणसं करायचं कामही माझ्याकडंच आलं.

त्यासाठी रिव्हर्ब असतो. रिकाम्या देवळात टाळी वाजवली की ती थोडा वेळ घुमते. तसला घुमारा कॉम्प्युटरकडून करून घ्यायचा. त्यात आधीच बांधून ठेवलेल्या खोल्या होत्या. स्मॉल रूम, वूड रूम, लार्ज हॉल, कॅथेड्रल. नाव निवडलं की आवाज त्या खोलीत जाऊन बसायचा. मी एकेक खोली लावून बघत गेले. लार्ज हॉल लावला आणि दादानं माझा हात धरला.

"थांब. आता कशाला हात लावू नको."

डोळे मिटून तो ऐकत राहिला. व्हायोलिनं डावीकडं बसली होती, चेलो उजवीकडं, मागं कुठंतरी लांब तुताऱ्या. आई पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. त्या दिवसापासून दादा लार्ज हॉलशिवाय एक सूर ऐकेना.

ही दोन हजार चार-पाच सालची गोष्ट. त्या हिवाळ्यात गावातल्या एका दिग्दर्शकांनी मोकळ्या मैदानावर एका वेढ्याचं नाटक करायचं ठरवलं. आम्ही त्यांना सर म्हणायचो. लाकडी किल्ला, पायदळाला कॉलेजची पोरं, आणि खरे घोडे. संगीत दादाकडं आलं. असल्या नाटकात संवाद आधीच रेकॉर्ड केलेले असतात. मैदानात नट नुसते ओठ हलवतात. संवाद, संगीत, टापा, सगळं सीडीवर. सीडी सुरू झाली की अख्खं मैदान तिच्या हुकमावर चालायचं.

सर आमच्या खोलीत येऊन ऐकायला बसले. लार्ज हॉल ऐकून त्यांचे डोळे पाणावले. "वाढव," ते म्हणाले. मी वाढवला. "अजून. मला किल्ला दिसला पाहिजे." मग नगाऱ्यालाही हॉल, टापांनाही हॉल. आमच्या कॉम्प्युटरला एवढा फौजफाटा एकदम पेलत नसे. म्हणून वाद्यांचा एकेक गट घुमाऱ्यासकट पक्का करून त्याची फाइल ठेवावी लागायची. हॉल एकदा आत मुरला की पुन्हा काढता यायचा नाही. काढायचाच तर सगळं पहिल्यापासून.

मोठे स्पीकर प्रयोगाच्या आदल्या दिवशी आले. तोपर्यंतच्या तालमी एका लहान स्पीकरच्या डब्यावर झाल्या होत्या आणि काही अडलं नव्हतं.

नाटकाच्या शेवटी एक प्रवेश होता. मैदानात संपूर्ण अंधार होतो. व्हायोलिनांचा एक लांब सूर चढत चढत जातो आणि त्याच्या टोकाला नगाऱ्याचे तीन ठोके पडतात. पहिल्या ठोक्याला पायदळातल्या पोरांनी मधली वाट सोडून डावीकडं पळायचं. तिसऱ्या ठोक्याला किल्ल्यामागून घोडे सुटायचे. मग लख्ख उजेड. अंधारात ठोक्यांशिवाय दुसरी खूण नव्हती. बॅटरी दाखवून बघितली होती, पण पुढची घोडी बिथरली. वॉकीटॉकीची खरखर तर तिला बिलकुल चालेना.

त्या दिवशी दिवेलागणीला हा प्रवेश मोठ्या आवाजावर पहिल्यांदा झाला. मी साउंडवाल्याशेजारी बसले होते. अंधार झाला. व्हायोलिनं चढली आणि चारी बाजूंनी आली. समोरच्या स्पीकरमधून, पलीकडच्या शाळेच्या इमारतीवरून, मागच्या घरांवरून. मग ढग गडगडावेत तसं काहीतरी झालं. हा नगारा, हे मला कळलं, कारण मला माहीत होतं. उजेड पडला तेव्हा अर्धी पोरं डावीकडं, अर्धी मधोमध उभी, आणि घोडे बाहेर आलेले.

पुढच्या घोडीनं अंग मोडून वळायचा प्रयत्न केला. एक पोरगा मागं सरकताना पडला आणि तिची मागची टाप त्याच्या हातावरून गेली. त्याची किंकाळी मैदानात इतकी स्वच्छ ऐकू आली, की साउंडवाल्यानं न सांगता सीडी बंद केली.

पोराला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. कोपराचं हाड मोडलं होतं, बाकी जिवावर काही नाही, असा निरोप आला तोवर मैदानात कुणी खाली बसलं नव्हतं. घोडे मुरगूडकडच्या एका शेतकऱ्याचे होते आणि पुढच्या घोडीवर ते स्वतः असायचे. उंच, राकट माणूस. लगाम हातात तसाच धरून ते सरांच्या समोर आले.

"ठोका ऐकूच आला न्हाई. नुसता गडगडाट. म्या अंदाजानं सोडली घोडी. घोडं हाय हे सर, सायकल न्हवं ब्रेक दाबून थांबवायला."

"आवाज वाढवा," सर साउंडवाल्याला म्हणाले.

"मी मागं जाऊन ऐकतो," मी म्हणाले. आमच्याकडं बायकाही बोलताना मी जातो, मी ऐकतो असंच म्हणतात. पुण्यात मला त्यावरून फार चिडवायचे.

किल्ल्याच्या मागं, घोडे उभे राहायचे तिथं, मी जाऊन उभी राहिले. स्पीकरची तोंडं पलीकडं होती. इथं जे येत होतं ते सगळं शाळेच्या भिंतीला आपटून, मैदान ओलांडून आलेलं. मी लावलेला हॉल आणि त्यावर मैदानाचा स्वतःचा घुमारा. तीन ठोके एकमेकांत मिसळून एकच जाड गुरगुर होत होती. मी ओरडून आवाज वाढवायला सांगितला. गुरगुर मोठी झाली, ठोका काही निघाला नाही. माझ्या बाजूला घोडीनं कान मागं पाडले होते आणि तिच्या मानेवरची कातडी थरथरत होती.

परत येऊन मी सांगितलं, "वाढवून उपेग न्हाई. हॉल काढाय पाहिजे."

सरांनी दादाकडं बघितलं. दादा चार माणसांत मला एवढंच म्हणाला, "घरी बोलू."

स्कूटर त्यानं खड्डे न बघता हाणली. घरात पाय टाकल्यावर फुटला. "हॉल काढल्यावर काय उरतंय माझ्या व्हायोलिनांत? सांग की. उद्या अख्खं कोल्हापूर येणार हाय. सगळ्यांना कळंल, ह्याच्याकडं एकबी व्हायोलिनवाला न्हाई, सगळं खोटं हाय म्हणून."

"आणि उद्या दुसरं पोरगं टापंखाली आलं तर?"

"पोराचं माझ्यावर ढकलू नकोस."

"ढकलत न्हाई. पण ठोका तुझाच हाय न्हवं?"

आईनं वाढलेलं ताट त्यानं सारलं आणि तो उठला. आई माझ्याकडं बघत राहिली. मला तेव्हा त्याचा राग आला नव्हता, भीती वाटत होती. मी म्हणते ते खरं ठरेल याची खात्री माझ्याकडंही नव्हती. मोकळ्या मैदानासाठी मी कधी काही केलं नव्हतं. गादी लावलेल्या खोलीत बसून मैदानाचा अंदाज करायचा, तोही एका दिवसात.

सकाळी मी एकटीच कामाला बसले. नगारा साफ कोरडा केला. टापा तर काढूनच टाकल्या. खऱ्या घोड्यांना खोट्या टापा कशाला? व्हायोलिनांना वूड रूम दिली, तीही नावापुरती. त्या बारक्या खोलीत ती पुन्हा कानाशी गुणगुणायला लागली. प्रत्येक गट नव्यानं पक्का करायचा, आणि पडद्यावरची ती निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकायची. मध्येच भारनियमनात वीज गेली आणि अर्धवट झालेले चेलो गेले. मी पंखा नसलेल्या खोलीत गोधड्यांच्या भिंतींमध्ये बसून राहिले. दादा बाहेर कट्ट्यावर पेपर उघडून बसला होता. खिडकीतून मला तो दिसत होता. पान काही उलटत नव्हतं.

वीज आली, काम पुरं झालं, आणि सर आले. त्यांनी उभ्याउभ्याच ऐकलं.

"हे काय आहे? बारशाला बोलवलंय का आपल्याला?"

"सर, मैदानात हे असं वाजणार न्हाई. मैदान स्वतः घुमतंय. आपण आणि वरून..."

"मला मैदान शिकवू नका. लोकांना भव्य पाहिजे." ते दाराकडं वळले, मग थांबले. रात्रभर त्यांनाही झोप नसावी. दाढी तशीच होती. "जुन्या-नव्या दोन्ही सीड्या आणा. तिथं ठरवू."

मैदानावर पोचलो तर फाटकाबाहेर माणसं जमायला लागली होती. आणि घोड्यांचे मालक खोगीर खाली ठेवून बसले होते.

"आज घोडी काढत न्हाई म्या," ते सरांना म्हणाले. "काल त्या पोराच्या आईनं माझ्याकडं बघितलं. पुन्यांदा तसं बघून घ्यायचं न्हाई मला."

सर हात जोडायच्या बेतात होते. तेवढ्यात दादा, जो सकाळपासून माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता, पुढं झाला.

"पावणं, चला, मी तुमच्यासंगं मागं उभा राहतो. आधी जुनं वाजवू द्या, मग नवं. दोन्ही ऐकू आणि मग काय ते तुम्हीच सांगा."

मी चकित झाले. लहानपणी एका टांग्याच्या घोड्यानं दादाच्या दंडाला चावा घेतला होता. रस्त्यात घोडा दिसला तरी तो दुसऱ्या बाजूनं जायचा. आता तो त्या घोडीच्या शेजारून किल्ल्यामागं गेला. मला साउंडवाल्याजवळून काही दिसत नव्हतं. मी जुनी सीडी वाजवली. मग नवी. मग वाट बघत बसले. सर माझ्या मागं येरझाऱ्या घालत होते.

दादा पळतच आला.

"जुनी काढून टाक."

"अहो, पण..." सर म्हणाले.

"सर, मागं जाऊन ऐका एकदा. संगीत माझं, ठोका माझा, आणि मला मागं तो कळंना." मग माझ्याकडं वळून तो म्हणाला, "पण नव्यातबी पहिला ठोका बुडतोय. दुसरा, तिसरा येतोय. पहिला व्हायोलिनांच्या खाली जातोय."

ते खरं होतं. तो लांब सूर ठोक्याला जाऊन भिडत होता.

"मग व्हायोलिनं बारीक करू?"

"न्हाई." त्यानं हवेत हात आडवा मारला. "सूर तोड. ठोक्याच्या आधी सगळं बंद. दोन श्वास काय वाजाय नको. मग ठोका."

त्या सुरावर त्यानं किती दिवस घालवले होते ते मला ठाऊक होतं. सूर चढत जाऊन नगाऱ्यावर फुटतो, हीच त्याची सगळ्यात आवडती जागा होती. मी काही बोलायच्या आत मालक मागून आले. "ते जमलं तर घोडी काढतो. न्हाईतर घरला निघालो."

कॉम्प्युटर घरी. फाटक उघडलेलं. पण नाटकाचे भाग दोन होते आणि दोन्हींच्या सीड्या वेगळ्या. सर नव्या सीडीवर पहिला भाग सुरू करणार होते. मध्यंतरापर्यंत आम्ही दुसऱ्या भागाची सीडी घेऊन परत यायचं.

चौकात उसाचे ट्रॅक्टर अडकले होते, ट्रॉलीमागं ट्रॉली. दादानं स्कूटर गटाराच्या कडेनं घातली. माझा गुडघा उसाच्या मोळ्यांना घासत गेला. घरी वीज होती. दोघांनीही आधी दिव्याकडंच बघितलं. सूर तोडणं सोपं होतं, एक रेघ मारून पुढचं पुसायचं. मी माऊस धरला.

"इथं?"

"अजून जरा आधी. हां. इथं."

सीडी लिहायला लावली. अगदी शेवटाला आल्यावर मशीननं ती नाकारली आणि बाहेर थुंकली. नवी घातली, सावकाश लिही म्हणून सांगितलं. तिघंही, मी, दादा आणि आई, त्या मशीनच्या लुकलुकणाऱ्या बारीक दिव्याकडं बघत उभे राहिलो. कुणी हलत नव्हतं, जणू पाय वाजला तर दिवा विझेल. सीडी निघाली. फक्त तेवढी एक जागा ऐकली. सूर, शांतता, ठोका. निघालो.

परत येताना घरांच्या वरून आमचंच संगीत ऐकू येत होतं. मग टाळ्या, मग गलका. मध्यंतर झालं होतं. फाटकावरच्या स्वयंसेवकानं काठी आडवी घातली.

"पावणं, पास?"

"अहो, अर्धं नाटक ह्याच्यात हाय!" दादानं त्याच्या नाकासमोर सीडी नाचवली. तो माणूस सीडीकडं आणि आमच्या घामेजलेल्या तोंडांकडं बघत राहिला, तेवढ्यात आम्ही काठीखालून आत घुसलो.

साउंडवाल्यानं सीडी घातली. मशीन बराच वेळ आत काहीतरी शोधत राहिलं. मग आकडा उमटला. दादा म्हणाला, "मी मागं जातो. त्यांना शब्द दिलाय," आणि किल्ल्याच्या दिशेनं निघून गेला.

दुसरा भाग कसा झाला ते मला आठवत नाही. तो प्रवेश आठवतो. अंधार झाला. व्हायोलिनं चढायला लागली, बारीक, कोरडी, हाडं दिसावीत तशी. आणि तुटली.

एवढं मोठं मैदान गप्प झालं. कुठंतरी एक लेकरू खोकलं. मला वाटलं सीडी अडकली. सरांनाही तेच वाटलं असणार, माझ्या खुर्चीची पाठ त्यांनी गच्च धरली. "बंद पडलं," ते पुटपुटले. "बंद पडलं की हो."

ठोका पडला. एकच, स्वच्छ, दारावर थाप पडावी तसा. लगेच अंधारातून पोरांच्या पावलांचा आवाज आला, सगळा एका दिशेला जाणारा. दुसरा ठोका. तिसरा. उजेड पडला तेव्हा मधली वाट रिकामी होती आणि घोडे त्या वाटेनं सरळ, कुणालाही न शिवता, धूळ उडवत गेले. लोक उभे राहिले. माझ्या खुर्चीवरचे हात सुटले. मी मागं वळले तर सर खाली मातीत बसले होते.

मालकांनी नंतर घोडीला पाणी दाखवता दाखवता एवढंच सांगितलं, "आज ऐकू आलं." दादाच्या शर्टावर घोडीच्या तोंडाचा फेस लागला होता. तो पुसायचं त्याला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगाला दादा माझ्याजवळ, लोकांच्या अगदी पुढ्यात बसला. आपलं संगीत लोकांतून ऐकायचं होतं त्याला. दुसरा भाग सुरू झाल्यावर आमच्या मागून दोन माणसांचं बोलणं कानावर आलं.

"घोडी एक नंबर हायत राव. पण म्युझिक बघ, कॅशियोवर वाजवलंय."

"व्हय, व्हायोलिन न्हवंच ते."

मी दादाकडं बघितलं नाही. त्याला याचीच भीती होती आणि ते शेवटी कुणीतरी बोललं होतं. तो मागं वळला.

"व्हय," तो त्यांना म्हणाला, "कॅशियोच हाय. मीच वाजवलंय."

ती माणसं ओशाळली वगैरे नाहीत. त्यातला एक म्हणाला, "बरं वाजवलंय की मग," आणि त्यानं शेंगांची पुडी पुढं केली. दादानं मूठभर घेतल्या, अर्ध्या माझ्या हातावर ठेवल्या. तो अंधाराचा प्रवेश जवळ आला तसा तो उठला आणि वाकून, लोकांच्या पायांमधून वाट काढत किल्ल्यामागं घोड्यांकडं निघून गेला. पुढचे सगळे प्रयोग तो प्रवेश त्यानं तिथंच उभं राहून ऐकला.